पुढे केलेलं मनगट

त्याने भिंतीवर दोनदा तळहात आपटला आणि मी त्याला सोडून दिलं. एवढ्यावरच भागलं असतं तर मी कुणाला काही सांगत बसले नसते. पण सोडून दिल्यावर मी एक पाऊल मागे आले, श्वास सोडला आणि माझा उजवा हात त्याच्यापुढे धरला. मनगट वर, बोटं सैल. घ्या, आता तुम्ही. माझी पिशवी हिसकायला त्याने क्षणभरापूर्वी हेच मनगट आवळलं होतं. त्याने त्या मनगटाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते माझ्या डोळ्यांपुढून हलायला तयार नाही. राग नव्हता. भीतीही नव्हती. चुकीच्या दाराची घंटा वाजवलेल्या माणसासारखा तो गोंधळला होता. तेवढ्यात वर आमच्या मजल्यावरचं दार उघडलं. तो वळला आणि पायऱ्या गाळत खाली पळाला. मी तिथेच उभी होते, भरदुपारी, बंद पडलेल्या लिफ्टच्या शेजारच्या जिन्यात, हात पुढे करून.

दार उघडलं ते आमच्या दवाखान्यातल्या काउंटरवरच्या मुलीने. आधी दाराच्या काचेतून आणि मग वरून तिला दिसलं ते एवढंच, की एक धडधाकट माणूस माझ्यापुढे गुडघ्यांपर्यंत वाकलाय आणि मग जीव घेऊन पळत सुटलाय. मधलं तिला दिसलं नाही, कारण मधे जिन्याचा कठडा होता. तिने जी आरोळी ठोकली तिने सगळा मजला गोळा झाला. “मॅडमनी लोळवलं त्याला! अक्षरशः लोळवलं!” कुणी पाणी आणलं, कुणी खुर्ची आणली. कानाचे डॉक्टर, ज्यांच्याकडे मी इतकी वर्षं काम करते आणि ज्यांना माझं आडनावसुद्धा धड आठवत नाही, ते स्वतः आले आणि “शाब्बास” म्हणाले. खालच्या पहारेकऱ्याला झापून झालं. पोलीस आले, त्यांनी विचारायचं ते विचारलं. मी म्हटलं, त्याने धरलं, मी हात पिळला, मग तो पळाला. यात खोटं काहीच नव्हतं. पिशवीतलं कानाचं मशीन शाबूत आहे ना हे मी सारखं उघडून बघत होते. ते ज्यांचं होतं त्यांना संध्याकाळपर्यंत पोचवायचं होतं, आणि दुसरीकडे कुठे बघायला मला नको वाटत होतं.

सराव म्हणजे काय असतं हे माहीत नसलेल्याला हा प्रकार कळणार नाही. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं. एकाने धरायचं, दुसऱ्याने सुटायचं, सुटता सुटता धरणाऱ्याचा हात असा पिळायचा की त्याला वाकावंच लागतं. दुखायला लागलं की त्याने दोनदा थोपटायचं. जमिनीवर, भिंतीवर, स्वतःच्या मांडीवर, जिथे हात पोचेल तिथे. थोपटलं की त्या क्षणी सोडायचं. हा पहिल्या दिवसाचा पहिला धडा, आणि तो चुकला तर कुणी कुणाला आपला हात उसना देणार नाही. सोडलं की मग पाळी बदलते. आता ज्याने पिळलं त्याने आपलं मनगट पुढे करायचं. वर्षानुवर्षं मी हे करत आले आहे. तो माणूस बिचारा तोल सावरायला भिंतीवर हात मारत होता. त्याला काय ठाऊक, आपण मला काय सांगतोय ते.

हे सगळं सुरू झालं ते माझ्या मोठ्या जावेमुळे. नवरा तिला वहिनी म्हणतो म्हणून मीही वहिनीच म्हणते. मोठे भाऊजी गेले तेव्हा आम्ही तिला आमच्याकडे घेऊन आलो, आणि ती आली ती खोलीत जाऊन बसली ती बसलीच. मोठ्या आवाजात हसणारी, दाराशी आलेल्या विक्रेत्याशीसुद्धा अर्धा तास गप्पा मारणारी बाई, पण तेव्हा खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप बघत बसायची. मी स्वभावाने जरा तुसडीच. समजूत घालणं मला जमत नाही, कुणी रडायला लागलं की मी भांडी घासायला लागते. जवळच्या शाळेच्या फाटकावर बायकांसाठी स्वसंरक्षणाच्या वर्गाचा कागद चिकटवलेला दिसला, तेव्हा मी वहिनीला म्हटलं की मला एकटीला जायची भीती वाटते. स्वसंरक्षणाच्या वर्गाला जायची भीती! हे निमित्त किती पांचट आहे हे तिला कळत होतंच, पण ती आली. शाळेच्या पीटीच्या बाई शिकवायच्या. बुटक्या, कमरेत जाड, शिट्टी गळ्यात. तिसऱ्या-चौथ्या वेळी वहिनीने मला गादीवर असं आदळलं की माझ्या तोंडातून उंदरासारखा आवाज आला, आणि वहिनी हसली. भाऊजी गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसताच वाकून तिने विचारलं, “लागलं का गं?” मला चांगलंच लागलं होतं. मी म्हटलं, छे. तेव्हापासून माझ्यासाठी तो वर्ग म्हणजे मनगटं आणि कोपर नव्हता, वहिनीचा परत आलेला आवाज होता.

पीटीच्या बाई फार वाईट होत्या. आम्ही बुटांच्या नाड्या बांधत असताना त्या मागून येऊन मान धरायच्या. पाणी पिताना धरायच्या. एकदा एकीला दारातून आत येताना धरलं, तिने घाबरून डबा फेकून मारला, तो बाईंच्या कपाळाला लागला आणि बाई खूश होऊन सगळ्यांना टेंगूळ दाखवत फिरल्या. “ओरडा!” म्हणायच्या. “पोटातून ओरडा, तोंडातून नको!” माझं ओरडणं कधी जमलं नाही. समोर वहिनी. मोठ्या जावेवर खेकसायचं कसं? मी आपलं हळूच “सोडा ना” म्हणायची आणि बाई कपाळाला हात लावायच्या. मग बाईंची बदली झाली, वर्ग बंद पडला, बाकीच्या पांगल्या. आम्ही दोघींनी मात्र सोडलं नाही. दर रविवारी सकाळी टीपॉय भिंतीला लावायचा, जाड चटई अंथरायची, मोजे काढायचे. पाहुणे असोत, सर्दी असो, नवऱ्याचं पेपर वाचणं असो. याचा मला केवढा अभिमान होता. मैत्रिणी पोहायचं सोडायच्या, गाण्याचा क्लास सोडायच्या, मी मनातल्या मनात नाक उडवायची. आमचा एक रविवार चुकत नाही.

आता त्या रविवारांकडे बघते तेव्हा अंगावर काटा येतो, पण हसूही येतं. माझा डावा खांदा दुखतो म्हणून वहिनी उजवंच मनगट धरायची. धरण्याआधी सांगायची, “धरते हं.” जोरात धरायची नाही, कारण मला दुसऱ्या दिवशी काम असतं. मी सुटायची, ती थोपटायची, मी सोडायची. “लागलं का गं?” तिने विचारायचं, म्हणजे पिळलेला हात तिचा आणि विचारणार मला. मग मी मनगट पुढे करायची. एकीकडे भाजी काय आणायची ते ठरत असायचं. वरच्या मजल्यावरच्यांनी पुन्हा नळ उघडा टाकला ते निघायचं. कितीदा तरी हात पिळलेल्या अवस्थेत तसेच थांबून आम्ही एखादा विषय पुरा केला आहे. कुठल्या दिवशी हा सराव संपला आणि नुसती सवय उरली, ते आम्हा दोघींनाही कळलं नाही. नियम मोडला नव्हता, दिवस चुकला नव्हता, तरी आतलं सगळं हळूहळू मऊ पडत गेलं होतं.

त्या दिवशी घरी पोचले तर बातमी माझ्या आधी पोचली होती. काउंटरवरच्या मुलीने फोन केला होता. नवरा दारातच म्हणाला, “या, या. आजपासून तुझ्याशी जरा जपूनच बोलायला हवं.” मग त्याने माझा हात दोन्ही हातांत घेऊन उलटासुलटा करून बघितला. मनगटावर बोटांचे लाल डाग होते. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने पानं घेतली, वाढलं, स्वतःचं पान तसंच ठेवलं आणि मला म्हणाली, “म्हणजे ते खरंच चालतं.” मी घास गिळला. “मला नेहमी वाटायचं गं, आपण दोघी आपल्या खेळतोय. मला व्यायाम, तुला माझी सोबत. पण ते खरंच चालतं.” मग तिने सांगितलं की तिच्या फ्लॅटमधले भाडेकरू पुढल्या महिन्यात जाताहेत. तो फ्लॅट भाऊजींचा, गावाच्या दुसऱ्या टोकाला, तीन मजली इमारत, उघडा जिना, खाली पहारेकरी नाही. इतकी वर्षं तिला तिथे परत जायचं होतं आणि इतकी वर्षं ती म्हणत होती की एकटीने त्या जिन्यातून येण्याजाण्याचं धाडस होत नाही. “मी जाते राहायला,” वहिनी म्हणाली. “नवीन भाडेकरू नको. तू केलंस ना, मग मीही करीन.” नवरा म्हणाला, वहिनी, घाई कसली. ती म्हणाली, घाई? माझे केस पिकले रे.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण मनात जे आलं त्याची मला लाज वाटली. मी सांगितलं, की मी त्या माणसाला सोडलं आणि वर माझा हात त्याच्या स्वाधीन केला, की वहिनी राहणार. तिची खोली, तिचं मोठ्याने हसणं, रविवारची चटई, सगळं जिथल्या तिथे. आणि ती राहावी असं मला वाटत होतं, फार वाटत होतं. म्हणून सांगणं हीच मला लबाडी वाटायला लागली. न सांगावं, तर ती त्या जिन्यात जाणार, माझ्या भरवशावर, माझ्या त्या मऊ मनगटाच्या भरवशावर. कुणीतरी तिथे तिला धरेल, ती सुटेल, तो कुठेतरी हात आपटेल आणि वहिनी सोडून देईल. वाकून विचारेलसुद्धा, लागलं का म्हणून. मी पाणी प्यायले आणि भांडी घासायला उठले.

पुढचे दिवस विचित्र गेले. बाहेरून बघणाऱ्याला मी वीरांगना होते. शेजारच्या दातांच्या दवाखान्यातल्या बायका मला बघायला येऊन गेल्या. आणि आतून मला माझाच उजवा हात परका झाला होता. माझं काम तसं हातांचंच. कानाच्या मशीनसाठी कानाचा साचा घ्यावा लागतो. आधी आत दोरा बांधलेला स्पंजचा बारका तुकडा सारायचा, म्हणजे साच्याचा लगदा फार खोल जात नाही, मग तो गार लगदा पिचकारीने कानात भरायचा, आणि तो घट्ट होईपर्यंत माणसाशी काहीबाही बोलत राहायचं. माणसं डोळे मिटून घेतात. अनोळखी बाईच्या हातात कान देऊन निवांत बसतात. इतकी वर्षं मला त्यात काही वाटलं नव्हतं. आता वाटायला लागलं. हा हात यांना काय वाटेल ते करू शकेल, आणि हाच हात कुणीही मागितला की पुढे होतो. जिन्यातल्या त्याच्या बोटांचा ओलसरपणा मला साबणाने धुऊनही जाणवायचा. लिफ्ट दुरुस्त झाली तरी मी जिन्याच्या दाराकडे बघायची नाही. मागे पावलं वाजली की माझा श्वास वर अडायचा, आणि वळून पाहावं तर आमचा चहावाला. वाटायचं, उमेदीची इतकी वर्षं आपण कशात घातली? नुसतं घरी बसून विणकाम केलं असतं तर निदान स्वेटर तरी झाले असते.

मग एका सकाळी एक आजोबा आले, ऐकण्याच्या चाचणीला. त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन घातले, हातात बटण दिलं. आवाज ऐकू आला की दाबायचं, बारीक आला तरी दाबायचं. मी बाहेरून आवाज सोडते, हळूहळू बारीक करत जाते. काही वेळ ते बरोबर दाबत होते. मग आवाज इतका बारीक झाला की त्यांना ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी ते दाबतच होते, अगदी तालात. मी आवाज बंदच केला. तरी दाबलं. मी दार उघडून म्हटलं, “आजोबा, ऐकू आलं तरच दाबायचं हं.” ते म्हणाले, “आलं की!” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून ओशाळले. “नाही आलं? मला वाटलं, आता यायची वेळ झाली.” मी हसून दार लावून घेतलं, खुर्चीत बसले आणि माझा हात यंत्राच्या चकतीवर तसाच राहिला. हे तर मला ठाऊक होतं. नव्या लागलेल्या प्रत्येक मुलीला मी हेच शिकवते: आवाज सारख्या अंतराने सोडू नका, माणूस चार आवाजांत ताल पकडतो आणि मग तो ऐकत नसतो, ताल धरत असतो. कधी लवकर सोडा, कधी थांबा, कधी इतकं थांबा की त्याला वाटलं पाहिजे, बाई झोपली की काय. आजोबांचा कान खोटं बोलत नव्हता. मीच त्यांना चुकीचं तपासत होते, मनात दुसरंच काही चाललेलं असल्यामुळे. आणि माझा हातही खोटारडा नव्हता. त्याला जे शिकवलं ते त्याने इमानाने केलं होतं. थोपटल्यावर सोड म्हटलं, सोडलं. सोडल्यावर पुढे हो म्हटलं, झाला. भर जिन्यात, घाबरलेल्या बाईच्या अंगाला चिकटलेला असूनही त्याने शिकवलेलं सगळं केलं. एवढा आज्ञाधारक हात आणि त्याला मी शिकवलं काय, तर शिष्टाचार. मला एकदम हलकं वाटलं. आजोबांची चाचणी मी पुन्हा पहिल्यापासून घेतली, आडव्यातिडव्या अंतरांनी, आणि त्यांनी कान टवकारून एकही चुकीचं बटण दाबलं नाही.

रविवार आला. टीपॉय भिंतीला लागला. वहिनी भलत्याच उत्साहात होती. “दाखव ना, कसं केलंस ते. मी तो. धरते हं.” तिने धरलं. मी सुटले, हात पिळला, ती वाकली, तिने सोफ्याच्या हातावर दोनदा थोपटलं, मी सोडलं, मागे आले. आणि माझा हात पुढे झाला. मी त्याच्याकडे बघत राहिले. वहिनीने तो धरायला आपला हात उचललाही होता.

“वहिनी,” मी म्हटलं, “तिथेही मी हेच केलं.”

“काय केलंस?”

“त्याने भिंतीवर हात मारला. मी सोडलं. आणि असा हात पुढे केला. त्याने धरला असता तर मी काही करू शकले नसते. दार वाजलं म्हणून तो पळाला.”

वहिनीचा उचललेला हात हळूहळू खाली गेला. ती सोफ्यावर बसली. मला वाटलं, झालं. आता ती म्हणेल, बरं झालं सांगितलंस, नको तो फ्लॅट. आणि माझ्या पोटात त्याचीही आशा होती, हे मी लपवत नाही. बराच वेळ ती चटईच्या कडेचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. मी घाबरून जवळ गेले तर ती हसत होती. “मनगट पुढे केलंस? त्याच्या? अगं, निदान बस म्हणायचं, पाणी विचारायचं!” मलाही हसू फुटलं, आणि त्या हसण्यात मला रडूही आलं, ते त्या दुपारपासून साठलेलं. वहिनीने मला रडू दिलं. मग ती म्हणाली, “आठवडाभर मला का नाही बोललीस?”

“तुम्ही जाणार नाही म्हणून.”

“म्हणजे मी जावं असं तुला वाटतं?”

“अजिबात वाटत नाही. म्हणून तर बोलता येईना.”

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. तिला कळलं असावं. ती उठून आत गेली आणि बाहेर आली ती पायांत बूट, खांद्याला बाजाराची पिशवी. “चल,” म्हणाली. “जिन्यात.” मी म्हटलं, आता? लोक काय म्हणतील? “म्हणू देत. आणि हे बघ, आजपासून मी सांगणार नाही, कधी धरणार ते.” हे बोलता बोलताच तिने माझं डावं मनगट धरलं. डावं. आणि असं धरलं की माझी बोटं पांढरी पडली. तिचा पंजा एवढा मोठा आहे, एवढी ताकद आहे त्यात, हे इतक्या वर्षांत मला माहीतच नव्हतं. मी काहीसुद्धा केलं नाही. दगडासारखी उभी राहिले. खांद्यातून कळ गेली आणि मी वाट बघत होते, तिने विचारण्याची. तिने विचारलं नाही.

असं सुरू झालं. जिन्याच्या वळणावरच्या सपाट जागेत आम्ही दोघी, बूट, पिशव्या, छत्र्या. पहिल्याच दिवशी खालचे गृहस्थ पेपर हातात धरून वर आले. “काही भांडण वगैरे...?” “सराव,” वहिनी धापा टाकत म्हणाली. ते म्हणाले, बरं, आणि दाराला आतून कडी लावल्याचा आवाज आम्हाला ऐकू आला. थोपटलं की सोडायचं हे आम्ही बदललं नाही. त्यावर माझा वहिनीशी वादही झाला. ती म्हणे, सोडायचंच नाही. मी म्हटलं, मग आपल्या हातांची वाट लागेल आणि महिन्याभरात हे बंद पडेल. सोडायचं, पण सोडणं हा शेवट नाही. सोडलं की मागे, पाठ भिंतीला, नजर समोरच्यावर, आणि तसंच सरकत दारापर्यंत. आत शिरून कडी लागली की संपलं, त्याआधी नाही. आणि हात? तो पुढे होतच होता. किती दटावला तरी सोडलं की आपला निघायचा पुढे. शेवटी मी त्याला अडवायचं सोडून दिलं. पुढे हो, म्हटलं, पण मनगट देऊ नकोस, तळवा दाखव. उभा तळवा, बोटं ताठ, थांब म्हणणारा. एवढंच वळण. ते वळण हातात यायला किती दिवस गेले ते मी मोजलं नाही. मधे एकदा मी चिडून छत्री पायाने उडवली. मधे एकदा वहिनीच्या करंगळीला सूज आली आणि तिने ती सगळ्यांना दाखवली, अगदी पीटीच्या बाईंच्या टेंगळासारखी.

आता रविवार उरला नव्हता, सगळेच वार झाले होते. मी फ्रिजमधून दही काढत असायची आणि मागून पंजा यायचा. वहिनी चावी शोधत असायची आणि मी तिची पिशवी ओढायची. नवऱ्याची तर पुरती पंचाईत झाली. एकदा दिवे गेले असताना त्याने मला वाट दाखवायला दंडाला धरलं आणि स्वतः कपाटाला चिकटला. “या घरात माणसाने खोकत खोकत हिंडावं,” म्हणाला, पण दुसऱ्या दिवशी त्यानेच विचारलं, मला पण दाखवा की ते. दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीने माझ्या दंडावरचे निळे डाग बघितले आणि मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, “मॅडम, घरी सगळं ठीक आहे ना?” मी म्हटलं, जावेने मारलं. तिचे डोळे एवढे मोठे झाले की मला सगळं सांगावंच लागलं. मनगटाचंही सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, “मग मला पण शिकवा.” त्या दिवशी घरी जाताना मी लिफ्ट सोडली आणि जिन्याने उतरले. ज्या पायरीवर ते झालं होतं तिथे आले, तर छातीत धडधड होतीच. पण धडधड होत असतानाही पाय चालत होते, आणि कठड्याला धरलेला माझा हात मला माझाच वाटला.

वहिनी गेली. तिचं सामान लावून आम्ही परतलो तेव्हा घर मोठं वाटलं, जरा जास्तच मोठं. टीपॉय आता कायमचा मधेच राहिला. मी काही दिवस विनाकारण चिडचिडी होते. ती फोनवर जोरजोरात हसायची, नवा पडदा, जुनी खिडकी, समोरच्या बाईशी झालेली ओळख. मी ऐकायची आणि ऐकताना मागचे आवाज टिपत बसायची, जिना, पावलं, दार. माझा कानच तसला. शेवटी एका संध्याकाळी, उजेड असताना, तिला न कळवता निघाले.

तिच्या इमारतीचा तो उघडा जिना. मी चढून वर गेले आणि वरच्या वळणावर थांबले. खालून तिची पावलं आली. ती मी कुठेही ओळखीन, एक पाय जरा घासत चालते. हातात बटाट्यांची पिशवी, दुसऱ्या हातात चावी. चावी तिने आधीच बोटांत धरून ठेवलेली. ती दारापाशी आली, तशी मी मागून उतरले आणि तिचं मनगट धरलं. सांगितलं नाही. माझ्यात होता नव्हता तेवढा जोर लावून धरलं.

पिशवी पडली. मग काय झालं ते मला क्रमाने सांगता येणार नाही. माझ्या कानाशी पोटातून निघालेला एक आवाज फुटला, बाईंना हवा होता तसला, आणि माझा गाल भिंतीच्या गार चुन्याला टेकला होता, खांद्यातून कळ येत होती. मी दोनदा भिंतीवर थोपटलं. तिने तत्क्षणी सोडलं. मी वळले. ती मागे सरकली होती, पाठ भिंतीला, हात पुढे, तळवा उभा. आणि तिचे डोळे, देवाशपथ सांगते, त्या डोळ्यांनी मला क्षणभर ओळखलं नाही. मग ओळखलं, तेही मला दिसलं. तरी तिने तळवा खाली घेतला नाही. तशीच बाजूबाजूने सरकत ती दारात गेली, आत शिरली, आणि माझ्या तोंडावर दार लागलं. कडी सरकली.

मी बाहेर एकटी. बटाटे पायरी पायरीने खाली चालले होते. खांदा ठणकत होता, आणि मला इतका आनंद झाला होता की कुणी पाहिलं असतं तर वेड लागलं म्हटलं असतं. मी त्या बंद दारापुढे, पांढऱ्या झालेल्या गालाने, हसत उभी राहिले. घंटासुद्धा वाजवली नाही. आतून धापा ऐकू येत होत्या. मग त्याही थांबल्या. मग दाराआडून, कडी न काढता, वहिनीने विचारलं,

“लागलं का गं?”

“हो,” मी म्हटलं. “चांगलंच लागलं.”